वरणासाठी गोडं पाणी

मे महिन्यात वऱ्हाडात लग्नाला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नवऱ्याच्या जिवलग मित्राच्या बहिणीचं लग्न, त्यामुळे गेलो. शेगावला उतरलो, दर्शन झालं, कचोरी खाल्ली आणि जीपने तेल्हाऱ्याच्या वाटेला लागलो.

जीपवाल्या दादांनी वाटेत अकोलीची गोष्ट सांगितली. गजानन महाराजांनी भास्कर पाटलाकडे पाणी मागितलं, त्याने धुडकावून लावलं, आणि मग बारा वर्षं कोरडी पडलेली विहीर भरून आली. भास्करला सगळे नावं ठेवतात. पण बिचाऱ्याने घागर गावातून डोक्यावर वाहून आणली होती! बाहेर पंचेचाळीस अंश आणि जीपला एसी नाही, तेव्हा मला तर तोच जवळचा वाटला.

लग्नघर खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. इथे जमिनीखालचं पाणीच खारट. विहिरीला पाणी असतं, पण ते पिकाला देऊन चालत नाही, जमीन बिघडते. म्हणून कापूस पावसावर, आणि ज्याला जमेल तो शेततळं खणून पावसाचं पाणी धरून ठेवतो. हापशाचं पाणी मी तोंडात घेऊन पाहिलं. खारट तर होतंच, मागाहून जिभेवर कडवटपणा राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवर धरण आहे, तिथून पट्ट्यातल्या बऱ्याच खेड्यांना नळाने गोडं पाणी देतात. या घराच्या अंगणातही नळ होता. तो कधी येतो ते विचारलं, तर सगळे हसले.

लग्न थाटात झालं. डीजे इतका मोठा की मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत. जेवण उत्तम. आणि पाहुण्यांना पाणी म्हणजे दोनशे मिलीच्या बाटल्या, खोक्यांच्या खोक्यांनी. लोक झाकण उघडत, दोन घोट घेत आणि बाटली खुर्चीखाली टाकून देत. पंगत उठेपर्यंत मांडवात अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा खच पडला.

मग शेजारच्या एक आजी स्टीलची बादली घेऊन आल्या. एकेक बाटली उचलायची, उरलेलं पाणी बादलीत ओतायचं, बाटली पोत्यात टाकायची. घाई नाही, लाज नाही. नव्या साड्या नेसलेल्या बायका त्यांना वळसा घालून जात होत्या. मी विचारलं, "आजी, हे पाणी कशाला?"

"वरनाले," आजी म्हणाल्या. "खाऱ्या पान्यात वरन शिजत नाई व बाई. दोन दोन घंटे चूल पेटवा, दाना कडकचा कडक. चाय बी नासते."

"आणि प्यायला?"

"प्याले आरओचं इकत आनतो. पोरायपुरतं. आमाले काय, सवय हाय."

आरओचा प्लांट गावातच आहे. संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिला. वीस लिटरच्या कॅनला दहा रुपये. यंत्राने वेगळं काढलेलं, आणखी खारट झालेलं पाणी मागच्या नालीत वाहत होतं, आणि वीज गेली की सगळंच बंद.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत टँकर उशिरा आला की ग्रुपवर युद्ध पेटतं. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं, हा सरकारी निकष. २०१९ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. म्हणजे कागदावरच आजींच्या वाट्याला माझ्या निम्म्याहून कमी, आणि ते ५५ तरी कुठे येतात? जगात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं ७० टक्के शेती घेते. सरासरी एका टी-शर्टच्या कापसामागे २,७०० लिटर पाणी लागतं म्हणतात. हा आकडा ऐकवून शेतकऱ्याला पाण्याचा उधळ्या ठरवणाऱ्यांनी इथली कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, एकदा बघून जावं. २०२२मध्ये जगात २२० कोटी लोकांना घरात सुरक्षित, हवं तेव्हा मिळणारं पिण्याचं पाणी नव्हतं. याआधी तो आकडा मी नुसता वाचला होता.

परतीचा प्रवास, गाडीतली गर्दी, शेगावला चुकलेली एक्स्प्रेस हे सगळं सोडून देते. निघण्याआधी मात्र मुलीच्या काकांशी माझी थोडी जुंपली. म्हटलं, जार आणि पेले ठेवले असते तर एवढं पाणी वाया गेलं नसतं.

काका शांतपणे म्हणाले, "ताई, बाटल्या नसत्या ठेवल्या तं सोयरे गावभर सांगत फिरले असते, का लग्नात आमाले खारं पानी पाजलं. पोरगी त्यायच्या घरी नांदवाची हाय."

बाटल्यांचं बिल डीजेपेक्षा जास्त झालं होतं.