गाडीतल्या नहाणीचा वास आणि वर्कशॉपच्या चार फेऱ्या

"गाडी रिकामी करून, टाकी धुऊन आणा," असं आमची घरगाडी बांधणारे वर्कशॉपवाले दर वेळी फोनवर सांगायचे आणि मी दर वेळी ऐकायचे. तिसऱ्या फेरीनंतर परत येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तक्रार वासाची, आणि तो वास मी घरीच धुऊन टाकून तिकडे जात होते. त्यांना तिथे काय सापडणार होतं? त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. ज्यांनी ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसची घरगाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्या तरी फेऱ्या वाचाव्यात.

आम्ही साताऱ्यात राहतो. सासूबाईंचं वय ८२, दोन्ही गुडघे गेलेले. वाटेतल्या धाब्यांवरच्या संडास-बाथरूमच्या धास्तीने त्यांनी प्रवासच सोडला होता. त्यांना एकदा गणपतीपुळ्याला न्यायचं, तेही त्यांच्या सोयीने, एवढ्यासाठी यांनी आणि मी निवृत्तीच्या पैशातून गाडी करून घेतली. आत ओटा, सिंक, एक छोटी नहाणी, दोन पलंग आणि खाली सांडपाण्याची ६० लिटरची टाकी. पासिंग, विमा, आतलं फर्निचर, सगळं वेळेवर झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

जानेवारीत निघालो. कराड, पाटण, कोयनानगर, तिथून कुंभार्ली घाट. घाट उतरून चिपळूण जवळ आलं आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, काहीतरी कुजलंय." मला आधी अंडी फुटली असं वाटलं. अंडी धड होती. यांनी पुढची काच खाली केली तर वास दुप्पट झाला. रात्री पुळ्याला खालच्या पलंगावर सासूबाई झोपल्या आणि पहाटे उठून म्हणाल्या, "गटारावर झोपल्यासारखं वाटतंय गं." ज्यांच्यासाठी गाडी केली त्यांच्याच तोंडून हे ऐकताना काय वाटलं ते सांगता येत नाही. येताना त्या पुढच्या सीटवर बसून आल्या, आणि नंतर तीन महिने त्यांनी गाडीत पाऊल ठेवलं नाही.

मी २७ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. प्रयोगशाळेत किपच्या उपकरणात फेरस सल्फाइडवर सौम्य आम्ल सोडून तो आम्ही तयार करायचो. सांडपाण्याच्या टाकीत हेच काम जिवाणू करतात. खरकटं, तेल, साबण, तांदळाचं धुवण, दूध हे सगळं टाकीच्या तळाशी साचतं, हवा पोचत नाही, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू बनवतात. उन्हाने टाकी तापली की काम आणखी जोरात. थोडा वेळ या वायूत बसलं की नाक सरावतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. गाडी चालवताना यांना काहीच वास येत नव्हता तो त्यामुळे. तेव्हा वास तपासायचा तर आधी दहा मिनिटं बाहेर मोकळ्यावर थांबा, मग दार उघडून आत या. शक्यतो घरात न राहणारा माणूस आत पाठवा.

टाकीत वास होणारच. प्रश्न तो गाडीच्या आत का येतो, हा होता. आणि मी चार महिने तोच प्रश्न विचारत राहिले.

वर्कशॉप साताऱ्यापासून दोन तासांवर. पहिल्या फेरीत त्यांनी टाकीत फिनेल ओतलं आणि नहाणीच्या जाळीवर चार डांबरगोळ्या ठेवल्या. घरी येईपर्यंत गाडीत फिनेल, डांबर आणि अंडं असे तीन वास झाले. दुसऱ्या फेरीत म्हणाले, "मॅडम, टॉयलेटचा असणार." आमच्या टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची पेटी, वेगळी आहे, तिचा सांडपाण्याच्या टाकीशी संबंधच नाही, ही गाडी त्यांनीच बांधलेली आहे. तरी अर्धा दिवस कॅसेट उघडून ठेवली. तिसऱ्या फेरीत दोन्ही दारं सताड उघडी, मागची काच उघडी, टाकी धुतलेली, आणि तीन पोरं आत उभी राहून म्हणतात, "इथे तर काहीच वास नाही." मी म्हणाले, दारं लावा, छतावरचा पंखा चालू करा, दहा मिनिटं बसू. "गरम होतं मॅडम," म्हणून कुणी बसलं नाही.

पंख्याचं मला का सुचलं ते सांगते. काच खाली केल्यावर वास वाढला, हे मला खटकत होतं. मग घरी उभ्या गाडीत एकेक करून पाहिलं. सगळं बंद असताना वास थोडा. छतावरचा पंखा बाहेर हवा फेकायला लावला आणि खिडक्या बंद ठेवल्या, की पाच मिनिटांत नहाणीजवळ उभं राहवत नाही. मागची खिडकी उघडली की कमी. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, आणि खिडक्या बंद असतील तर ती मोरीच्या भोकातून, म्हणजे टाकीतून येते. चालत्या गाडीत पुढची काच उघडली की तसाच कमी दाब होतो. म्हणून वास आला की पुढची काच उघडू नका, मागची उघडा. हे पहिल्याच दिवशी कळतं तर पुळ्याची ती रात्र तरी बरी गेली असती.

चौथ्या फेरीआधी मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. शाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईंकडून लेड असिटेटच्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. ओलसर पट्टीला हायड्रोजन सल्फाइड लागला की ती काळी पडते, लेड सल्फाइड तयार होतं. शिसं विषारी, त्यामुळे हातमोजे घालून काम केलं, ओट्यावरचं सगळं खाणं घरात नेलं. एक पट्टी सिंकच्या भोकाशी, एक नहाणीच्या जाळीवर, एक बॅटरीच्या पेटीत, एक पलंगाखाली. बॅटरीची पट्टी मुद्दाम लावली, कारण शिशाच्या बॅटरीला जास्त चार्जिंग झालं की तीही असाच वास सोडते. गॅसचाही संशय आधी फेडून घेतला: सिलिंडरच्या जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडे नव्हते. हे मात्र कुणीही सगळ्यांत आधी करावं. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास वेगळा असतो, पण घाबरलेल्या माणसाला फरक कळेलच असं नाही.

टाकी दोन दिवस रिकामी केली नाही. पंखा लावून यवतेश्वरपर्यंत चढलो आणि उतरलो. घरी येऊन पाहिलं तर नहाणीची पट्टी मधोमध काळपट तपकिरी, सिंकची जेमतेम पिवळसर, बॅटरीची आणि पलंगाखालची पांढरी. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीसुद्धा कधी झाला नव्हता. चारही पट्ट्या वहीत चिकटवल्या, खाली तारीख आणि जागा लिहिली.

या वेळी टाकी न धुता गाडी नेली. अकराला पोचलो. "घाण गाडी आणलीत मॅडम," असं म्हणून त्यांनी ती बाजूला, उन्हात लावली. मुख्य साहेब बाहेर गेलेत, मग जेवायला गेलेत, मग फोनवर आहेत. एप्रिलचं ऊन. बाकावर वही मांडीवर घेऊन मी चार वाजेपर्यंत बसले. हे दोनदा म्हणाले, "जाऊ दे, चल घरी." मी उठले नाही. साहेब आले, आत शिरले, अर्धा मिनिट थांबले, दारं उघडीच. म्हणाले, "बॅटरी गॅस मारतेय. नवीन टाकावी लागेल, १८ हजार." मी वही उघडून पुढे केली. बॅटरीची पट्टी पांढरी, नहाणीची काळी, हे बोट ठेवून दाखवलं. ते वहीकडे नीट न बघताच म्हणाले, "हे शाळेचं झालं मॅडम. इथे प्रॅक्टिकल चालतं."

२७ वर्षं मी प्रॅक्टिकलच घेतलं. ते वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही. बॅटरी बदलली नाही हे बरंच केलं. ती आजही तीच आहे आणि ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी गोडोलीत आमच्या शेजाऱ्यांच्या बाथरूमचं काम करणाऱ्या प्लंबरला मी हाक मारली. त्याने घरगाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. जाळी काढली, तांब्याभर पाणी ओतलं, बोट घातलं. "काकू, ह्यात पेरभर पण पाणी राहत नाही. घरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच तरी असतं." मग विचारलं, "उदबत्ती आहे का?" टाकी आधी रिकामी करून धुतली, सिलिंडर उतरवून लांब ठेवला, दारं लावली, पंखा चालू केला. उदबत्ती भोकाजवळ नेल्याबरोबर धूर वर उडाला, खालून कुणीतरी फुंकर मारावी तसा. पंखा बंद केला तर सरळ. चार फेऱ्यांत जे कुणी बघितलं नाही ते पाच मिनिटांत डोळ्यांसमोर होतं.

ट्रॅपचं काम एवढंच की त्याच्या वाकात थोडं पाणी अडून राहावं आणि त्या पाण्याने खालची हवा अडवावी. आमच्यात मुळात पेरभर पाणी. कुंभार्लीच्या वळणांवर तेही हिंदकळून गेलं, म्हणून घाट उतरल्यावरच वास सुरू झाला. घरात उथळ ट्रॅप चालून जातो, घर काही घाट उतरत नाही.

पण नुसतं एवढंच नव्हतं. सिंक सोडलं की नहाणीत गुळगुळ आवाज येतो, हे मी त्याला सांगितलं. तो गाडीखाली झोपला आणि आतूनच ओरडला, "टाकीला हवेचा पाइपच नाही काकू, तोंडाला बूच मारलंय." टाकीत दहा लिटर पाणी गेलं तर दहा लिटर हवा बाहेर पडायला हवी. तिला छतापर्यंत नेणारा पाइप नसेल तर ती ट्रॅपचं पाणी ढकलून नहाणीतूनच वर येणार. मी घरात जाऊन वर्कशॉपचं कोटेशन शोधलं. त्यात लिहिलं होतं: सांडपाणी टाकी ६० लिटर, व्हेंट पाइपसह. पैसे घेतलेले. कुणाला गाडी करून घ्यायची असेल तर ताबा घेताना छतावर चढून तो पाइप स्वतः बघा, कागदावर विसंबू नका.

त्याने एक इंची पाइप टाकीच्या वरच्या तोंडापासून भिंतीच्या आतून छताच्या वर काढला, टोकाला पावसाची टोपी बसवली. नहाणीत खोल ट्रॅप टाकायला खाली जागा नव्हती, म्हणून झुरळं येऊ नयेत म्हणून मोरीत बसवतात तो सिलिकॉनचा एकतर्फी पडदा घातला. पाणी खाली जातं, मग पडद्याचे ओठ मिटतात. त्यात पाणी अडायची गरज नाही, त्यामुळे हिंदकळण्याचा प्रश्न नाही. केस अडकले की ओठ मिटत नाहीत, महिन्यातून एकदा काढून धुते. सिंकखाली बाटली ट्रॅप होता तो तसाच ठेवला. त्याची मजुरी १,२०० रुपये. मी बळेच जास्त दिले, घेत नव्हता.

टाकी कशी धुवायची ते राहिलंच. अर्धी टाकी कोमट पाणी, त्यात भांड्यांचा साबण, आणि घाटात एक फेरी. हिंदकळून चिकट थर सुटतो. मग सोडून द्यायचं आणि साध्या पाण्याने एक खेप. पांढरे डाग राहिले तर ढोकळ्याला घालतात ते सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवायचं. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं बरेच जण सांगतात. फेस येतो खरा, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वापरायचेच तर वेगवेगळ्या वेळी. आणि ब्लीचिंग पावडर व संडास धुवायचं ॲसिड चुकूनही एका टाकीत जाऊ देऊ नका, क्लोरीन वायू होतो, तो जीवघेणा.

मी आता ताटं धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसते, कढईतलं तेल सिंकमध्ये जाऊ देत नाही, तांदळाचं धुवण बाहेर झाडाला घालते. टाकी दोन दिवसांवर ठेवत नाही. रिकामी करायची ती घरच्या चेंबरमध्ये, प्रवासात लॉजवाल्याला विचारून त्यांच्या गटारात. कासला जाणाऱ्यांना हात जोडून सांगते, तिथे टाकीचा नळ उघडू नका. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं.

सासूबाईंना मी लगेच बोलावलं नाही. आधी दोन रात्री आम्हीच दारात, गाडीत झोपलो, पंखा लावून, खिडक्या बंद करून. मग बामणोलीला एक रात्र. त्यानंतर त्यांना सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत नेलं. त्या आत आल्या, पलंगावर बसल्या, दोन-तीनदा नाक वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा टाक." दिवाळीनंतर पुन्हा पुळ्याला जायचं त्यांनीच ठरवलं आहे.

गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आणि सिंकच्या ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडा, पाणी उडून जात नाही. उरलेल्या पट्ट्या मी काळ्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, कुणाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवल्या आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये नहाणीच्या जाळीवर एक लावून बघणार आहे.