तुम्ही विचारलंत म्हणून: मधला प्राणी सापडलाय का?

उत्क्रांतीवर बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, एका प्राण्यापासून दुसरा झाला म्हणता, मग मधला प्राणी सापडलाय का?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसातून झालेल्या काळ्या पाषाणाचा, त्यात जीवाश्म विरळाच. डोंगर चढताना कातळात एखादं हाड दिसावं, असं आपल्याकडे सहसा घडत नाही. म्हणून उत्तरासाठी मी देवमाशाकडे वळते. त्याचे पूर्वज पाण्यात उतरले ते आपल्याच उपखंडात, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राच्या काठी.

देवमासा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. तो सस्तन प्राणी आहे, आणि त्याच्या पूर्वजांना कधीतरी पाय असणारच. १९८१ मध्ये पाकिस्तानातल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतल्या एका कवटीला पाकिसेटस असं नाव मिळालं. पुढे सापडलेल्या हाडांवरून कळलं, की हा प्राणी चार पायांवर चालत असे. मग तो देवमाशांच्या कुळात कसा? कानामुळे. देवमाशाच्या कानाला वेढणाऱ्या हाडाची आतली कड विलक्षण जाड आणि घट्ट असते, तशीच याचीही होती. पाय जमिनीवरचे, कान मात्र देवमाशाचा.

मला सगळ्यात आवडतं ते घोट्यातलं एक छोटं हाड. गाय, शेळी, हरिण, पाणघोडा या सम खुरांच्या प्राण्यांत या हाडाच्या दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीला असते तशी खाच असते. इतर सस्तन प्राण्यांत ती दोन्हीकडे नसते. देवमासे एका नामशेष झालेल्या मांसाहारी, खुरवाल्या गटातून आले, असं जीवाश्म-अभ्यासक बरीच वर्षं मानत होते. डीएनएचा अभ्यास करणारे म्हणत, देवमाशाचा जवळचा नातेवाईक पाणघोडा. वाद चांगलाच रंगला. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या आद्य देवमाशांच्या घोट्याची हाडं प्रसिद्ध झाली, आणि त्यांना दोन्हीकडे खाच होती! जीवाश्मवाल्यांनी आपलं जुनं मत सोडलं. विज्ञानाबद्दल मला आदर वाटतो तो अशा वेळी.

बाकीचे आद्य देवमासे पटकन सांगते. अँब्युलोसेटस मगरीसारख्या बांध्याचा, चालणारा आणि पोहणारा. कच्छमधला कच्छिसेटस लहानखुरा, आखूड पायांचा, लांब दणकट शेपटीचा. आणि इजिप्तच्या वाळवंटातल्या वाडी अल्-हितान इथला बॅसिलोसॉरस पंधरा मीटरहून लांब, पूर्ण समुद्री, तरी त्याला मागचे इवलेसे पाय होते. गुडघा, घोटा, बोटं, सगळं शाबूत; अंगाचा भार मात्र त्यांवर पेलणं अशक्य. हे पाय १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

तर यातला 'मधला' कोणता? मी एकाकडे बोट दाखवणार नाही. कान आधी बदलला, पाय नंतर आखडले. शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या वेळेने बदलत गेला. शिवाय हे सगळे एकमेकांचे आजोबा-पणजोबा आहेत असंही नाही. जम्मूतल्या कालाकोटचा इंडोह्यूस बघा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथले दगड गोळा केले होते. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीने ते जीवाश्म-अभ्यासक हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. दगड साफ करताना एका कवटीच्या कानाचं हाड चुकून मोडलं आणि आत तीच जाड कड दिसली. २००७ मध्ये हे जाहीर झालं. मांजराएवढा, हरणासारखा हा प्राणी सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पाकिसेटसच्याही नंतरचा. तो देवमाशांचा पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. पण चुलत भावंडांवरूनही मूळ पुरुष कसा असेल याचा अंदाज येतोच की.

यावर कुणी म्हणतं, हाडं हवी तशी ओळीत मांडली की झालं. त्यांना मी कच्छचं उदाहरण देते. त्या एकाच जिल्ह्यात ज्युरासिक काळाचे, म्हणजे डायनोसॉरच्या जमान्यातले खडक आहेत आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण, इओसीन काळाचेही, म्हणजे वर सांगितलेल्या आद्य देवमाशांच्या काळाचे. ज्युरासिक खडकांत अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखाचे नामशेष समुद्री प्राणी, भरपूर मिळतात, देवमासे इओसीन खडकांतच. अभ्यासक दीडशेहून अधिक वर्षं कच्छ पालथं घालताहेत. ज्युरासिक थरात देवमाशाचं एक हाड जरी निघालं, तर वर सांगितलेली सगळी मांडणी मोडेल. अजून ते निघालेलं नाही.