हॅनिबल: हकच्या नदीवर एक दिवस

सेंट लुईसला दादाकडे गेले तेव्हाच ठरवलेलं, काही झालं तरी हॅनिबलला, लेखक मार्क ट्वेनच्या गावी, जायचंच. गाडीने दोनेक तास. हायवे ६१ वर मध्येच पाईक काउंटीची पाटी दिसली आणि मी अक्षरशः ओरडलेच, कारण 'हकलबरी फिन' या कादंबरीच्या सुरुवातीला मार्क ट्वेन पुस्तकातल्या बोली सांगतो, मोजल्या तर सात भरतात, त्यातली एक ही इथली! अख्खी गोष्ट हक हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आपल्या बोलीत सांगतो, व्याकरण गेलं खड्ड्यात, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी वाचताना कसं पहिली दोन पानं अडखळतो आणि मग आवाज कानात बसतो, तसंच होतं. मोठ्याने वाचा, खरंच.

हिल स्ट्रीटवर ट्वेनचं लहानपणचं घर आहे, १८३९ मध्ये चार वर्षांचा असताना तो या गावात आला. पांढऱ्या कुंपणापाशी सगळे फोटो काढत होते, आम्हीपण काढले. पण मी रेंगाळले ती मागच्या घरापाशी. साध्या फळ्यांचं घर, २००७ मध्ये परत बांधलेलं. इथे टॉम ब्लँकेनशिप राहायचा, ज्याच्यावरून हक सुचला तो. आणि त्याचा थोरला भाऊ बेन्स, त्याने म्हणे पळून आलेल्या एका गुलामाला पलीकडच्या बेटावर आठवडेच्या आठवडे गुपचूप खाणं पोचवलं. पकडून दिलं असतं तर इनाम मिळालं असतं, आणि घरात तर खायची मारामार. हे कळलं आणि पुस्तकातला जिम, हकबरोबर तराफ्यावरून पळणारा गुलाम, माझ्यासाठी एकदम खरा माणूस झाला.

संध्याकाळी मिसिसिपी नदीवर गेलो. गढूळ, रुंद, वरून संथ वाटते पण एक मोठा ओंडका बघता बघता पार खाली गेला. पलीकडे इलिनॉय, तिकडची झाडं स्पष्ट दिसतात. तेव्हा इकडे मिसुरीत गुलामगिरी होती, तिकडे नव्हती, मग जिम सरळ पलीकडे का नाही गेला असं मला शाळेपासून वाटायचं. पण तिथेही पळालेल्यांना पकडून परत धाडायचे, म्हणून खाली केरो गावापर्यंत जायचं, तिथे मिळणाऱ्या ओहायो नदीने वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे, असा बेत. आणि धुक्यात केरोच हुकतं. त्यानंतर तराफा जितका पुढे जातो तितका जिम गुलामगिरीच्या मुलखात आत आत जातो, आणि त्याला तर न्यू ऑर्लिन्सला ८०० डॉलरला विकतील या भीतीनेच पळावं लागलं होतं.

दादा पार्किंगमधून हाका मारत होता. मी म्हटलं थांब रे, तो ओंडका दिसेनासा होऊ दे.