चिमणीला पंख लावताना

जूनमध्ये एका रात्री शेठचा फोन आला. "वॉचमन म्हणतोय चिमणी नाचतेय. येऊन बघता का?"

सोलापूरजवळच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना. बॉयलरची पत्र्याची चिमणी, 30 मीटर उंच, 1.2 मीटर व्यासाची, तणाव्यांशिवाय उभी. सकाळी पोचलो तेव्हा वारा अगदीच साधा होता, लुंगी फडफडेल इतपत. तो पश्चिमेकडून येत होता आणि चिमणी मात्र दक्षिणोत्तर झुलत होती. पायथ्याच्या दोन बोल्टांचे नट हाताने फिरत होते.

मोबाइलवर व्हिडिओ काढून झोके मोजले. 20 झोक्यांना सुमारे 17 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 1.18. गोल नळीच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतात आणि प्रत्येक भोवरा नळीला आडवा हिसका देतो. हिसक्यांची लय नळीच्या स्वतःच्या लयीशी जुळली की झोपाळ्याला वेळेवर ढकलल्यासारखं होतं. हे ज्या वाऱ्यात घडतं, त्याचा वेग काढायचा सोपा हिशोब असा: लय गुणिले व्यास गुणिले पाच. इथे तो सेकंदाला 7 मीटर आला, म्हणजे ताशी पंचवीसेक किलोमीटर. जुन्या डिझाइनच्या कागदांत वादळाचा हिशोब चोख होता; या रोजच्या वाऱ्याचा नव्हताच.

शेठ म्हणाले, "तार बांधून टाका." पण तणावे ठोकायला प्लॉटमध्ये जागा कुठे होती? मग उरल्या त्या मळसूत्री पट्ट्या, ज्यांना ड्रॉइंगवर हेलिकल स्ट्रेक म्हणतात आणि आमच्या शेडमध्ये पंख. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्क्रूटन आणि वॉल्श यांनी 1950च्या दशकात शोधलेला हा उपाय. वरच्या एक तृतीयांश उंचीवर तीन पट्ट्या, नळीबाहेर येणारी पट्टीची उंची व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी आणि एका वेढ्याला व्यासाच्या पाचपट चढ. आमच्याकडे 120 मिलिमीटर उंचीची पट्टी आणि 6 मीटरचा वेढा. पट्टी वळत वर जात असल्यामुळे दर उंचीवर हवा वेगळ्या जागी सुटते, भोवऱ्यांची एकी मोडते. सरळ उभ्या पट्ट्यांनी हे साधत नाही.

वरचा 10 मीटरचा तुकडा फ्लँजवर, म्हणजे बोल्टांनी जोडलेल्या कड्यावर होता, म्हणून बॉयलर बंद करून क्रेनने तो खाली उतरवला. इथवर सगळं सुरळीत.

मग फोरमन मामांनी 6 मिलिमीटर प्लेटमधून कमानी कापल्या, आतली त्रिज्या 600. शेलची, म्हणजे चिमणीच्या नळीची, त्रिज्या तीच ना! पहिली कमान शेलवर ठेवली तर दोन्ही टोकं टेकली आणि मधे हात जाईल एवढी फट. मामांनी हातोडा मागवला. मी म्हटलं, "मामा, थांबा." खरं तर चूक माझी होती, ड्रॉइंगवर मी कापायची त्रिज्याच लिहिली नव्हती. पट्टी आडवी नाही, सुमारे 58 अंशांत चढते. तिला शेलचा बाक कमी लागतो. अर्ध्या व्यासात चढाचा वाटा मिळवून गणित केलं तर 2120 मिलिमीटर आले. मामांचा कागदावर विश्वास बसेना. त्यांनी शेलवर खडूने वेढा आखला, त्यावर पुठ्ठा धरून कापला आणि जमिनीवर टेकवून सुतळीने कमान मोजली. एकवीसशेच्या आसपास! "आता कापतो," एवढंच बोलले.

प्रत्येक पट्टी जवळपास 12 मीटर, तिन्ही मिळून दोनशे किलो. वेल्डिंग तुटक न करता सलग घेतलं, नाहीतर फटीत पाणी शिरून सहा महिन्यांत गंजाचे ओघळ दिसले असते. शेल वाकू नये म्हणून बाजू बदलत, थोडं थोडं. शिडीने घोळ घातला. ती शेलपासून 150 मिलिमीटरवर होती. पट्टी मागून जात होती खरी, पण पायाचा चवडा टेकायला जागाच उरेना. पट्टी तोडायला मी नकार दिला, शिडीचेच ब्रॅकेट लांबवले.

शेठना न आवडलेली गोष्ट मी आधीच सांगितली होती. पंख लागले की वादळी वाऱ्याचा दाब त्या भागावर जवळपास दुप्पट होतो. पायाचा आणि बोल्टांचा हिशोब पुन्हा केला. पाया पुरला, बोल्टांना दुहेरी नट घातले.

जुलैत तसाच पश्चिमेचा वारा धरून दोन संध्याकाळी खाली उभा राहिलो. विजेच्या तारेशी टोक जुळवून बघत होतो. हललं, पण बोटभर, तेही झोताबरोबर.

आता शेठना दुसरा बॉयलर घ्यायचाय. नवी चिमणी जुनीपासून साडेचार मीटरवर दाखवलेला नकाशा गेल्या आठवड्यात आलाय. एवढ्या जवळ एकीच्या मागचे भोवरे दुसरीवर आपटतात, तिथे या पंखांचा भरवसा धरता येत नाही. तसं कळवलंय. उत्तर आलं, "मग आणखी पंख लावा ना."