तू तीनचा, मी पाचचा

बुधवार आला की माझ्या पूल टुर्नामेंटला येणाऱ्यांचे दुपारपासूनच मेसेज सुरू, "भो, माझा नंबर किती ठेवला?" आणि मी काहीही सांगितलं तरी समोरच्याला तो एकाने जास्तच वाटतो. आजपर्यंत एकही जण असा भेटला नाही की जो म्हणाला, माझा वाढव.

तर जळगावात ओळखीच्या एका पूल पार्लरमध्ये मी दर बुधवारी छोटी टुर्नामेंट घेतो, एट बॉल, म्हणजे आधी आपले सात बॉल टाकायचे आणि शेवटी ब्लॅक, की फ्रेम म्हणजे तो डाव आपला. येणारे दहा-बारा जण. त्यात सराफ बाजारातला एक दादा आहे, जो ब्रेक करून सलग सातही बॉल टाकत सरळ ब्लॅकवर येतो, कॉलेजची पोरं आहेत, आणि यावलकडून केळीची कामं आटपून मोटरसायकलवर येणारे एक काका आहेत जे क्यू अजून कुदळीसारखा धरतात. या सगळ्यांना सरळ ड्रॉ टाकून खेळवलं तर काय होणार, दादा जिंकणार. पाच आठवडे तेच झालं, सहाव्या बुधवारी पाचच जण आले.

मग हँडिकॅप आणला, म्हणजे कच्च्या खेळाडूला थोडी सूट. पहिला प्रयोग साफ फसला. कच्च्या खेळाडूचे दोन बॉल आधीच टेबलवरून उचलायचे, म्हणजे त्याला सातऐवजी पाचच टाकायचे. ऐकायला मस्त वाटतं. पण एट बॉलमध्ये तुमचे बॉल म्हणजे समोरच्याच्या वाटेतले धोंडे असतात ना, ते उचलले की टेबल मोकळं होतं, आणि मोकळं टेबल ज्याला खेळता येतं त्याच्याच कामाचं. दादाने काकांना दहा मिनिटांत गुंडाळलं आणि वर म्हणतो, "काका, अजून दोन काढू का?"

आता साधं ठेवलंय. प्रत्येकाला दोन ते सहामधला एक नंबर, तेवढ्या फ्रेम घेतल्या की मॅच त्याची. दादा पाचचा, काका तीनचे. एका रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो, समजा एक जण इतका चांगला आहे की तीनपैकी दोन फ्रेम तोच घेणार, तर पाच-पाचच्या मॅचमध्ये कच्च्याचा चान्स शंभरात १४-१५ फक्त. पाच-तीन केलं की तोच ४३ होतो, आणि सहा-तीन केलं तर ५३, म्हणजे कच्चाच पुढे! मी मुद्दाम पाच-तीनवर थांबतो. ज्याने वर्षानुवर्षं टेबलवर घासलंय त्याचं पारडं थोडं जड राहिलंच पाहिजे, नाहीतर तो येईल कशाला. शिवाय पाच-तीनला जास्तीत जास्त सात फ्रेम होतात, वेळेचा अंदाज येतो. पोरं मागे लागलेली असतात डबल नॉकआउट करा म्हणून, म्हणजे दोनदा हरला की मगच बाहेर, पण बारा जणांच्या सरळ नॉकआउटला ११ मॅच, डबलला २२-२३, आणि टेबल दोनच, पहाट होईल भो. (आणि पहिल्या राउंडला चौघांना बाय द्यावी लागते, म्हणजे न खेळताच पुढे, त्याच्या चिठ्ठ्या मी काढत नाही, काउंटरवाल्याला काढायला लावतो, शिव्या त्यालाच.)

खरी डोकेदुखी म्हणजे खेळ लपवणारे. एक जण सहा आठवडे तीनवर बसला होता, दर वेळी सेमीत हरायचा आणि चेहरा असा करायचा की बिचाऱ्याची कीव यावी. मला शंका होती पण पकडायचं कसं, हरलेल्या माणसाला तू मुद्दाम हरलास कसं म्हणणार? मग मी स्कोअर बघणं सोडलं आणि त्याचा पांढरा बॉल, म्हणजे क्यूने मारायचा तो, बघायला लागलो. सोपा बॉल कोपऱ्यावर आपटून बाहेर यायचा, सगळे च्यक च्यक करायचे, पण पांढरा मात्र हळूच जाऊन ब्लॅकच्या मागे चिकटून थांबायचा, समोरच्याला काही दिसायलाच नको. नवशिक्याचा नेम चुकला की पांढरा गावभर हिंडतो. याचा दर वेळी घरीच! पुढच्या बुधवारी त्याला पाच दिला, दोन आठवडे बोलला नाही, आता येतो, पाचवरच खेळतो. तेव्हापासून बक्षीसही छोटं केलं, एक तास टेबल फ्री आणि शेवभाजी. मोठी रक्कम लावली की खेळ लपवायची हाव सुटतेच.

मागच्या बुधवारी फायनलला दादा आणि काका. फ्रेम चार-दोन, म्हणजे दोघांनाही एकच हवी. काकांचे तीन बॉल टेबलवर, दादाचा फक्त ब्लॅक, तोही कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी. दादाने जरा जोरातच मारला, ब्लॅक गेला आणि पांढराही त्याच्या मागोमाग, घाई न करता, काठावर एक क्षण थांबून आत. ब्लॅकवर स्क्रॅच, म्हणजे पांढराही आत, की फ्रेम गेली. काका अजून चॉक लावत उभेच, आपण जिंकलो हे त्यांना पोरांनी सांगितलं. दादा क्यू टेकवून म्हणतो, "हाऊ कोठला न्याय शे भो!"

नियम असा की जो जिंकेल त्याचा नंबर एकाने वाढतो. शेवभाजी खाताना काकांना सांगितलं, पुढच्या बुधवारपासून तुम्ही चारचे. भाकरीचा तुकडा हातातच राहिला त्यांच्या.

"काबरं रे भो? ब्लॅक तर त्यानेच टाकला ना!"