वजा एक सेकंद

आमच्या ग्रुपमध्ये सध्या एकाच निनावी वेबपानाची चर्चा आहे: त्यावर शून्याकडे चाललेली उलटी मोजणी, खाली एक सूत्र, आणि शून्यावर काय होणार ते कुणालाच माहीत नाही. निखिलने फोनचं घड्याळ पुढे ढकललं, इतकंच. तारीख मुद्दाम शून्याच्या पलीकडची ठेवली आणि स्क्रीनशॉट पाठवला. काळ्या पानावर तेच पांढरे आकडे, खाली तेच सूत्र, फक्त आकड्यांच्या आधी एक वजा चिन्ह. वजा एक सेकंद, वजा दोन, वजा तीन. काही उघडलं नाही, कुठला निरोप आला नाही. मोजणी शून्यावर थांबलीसुद्धा नाही, तशीच पुढे चालू राहिली.

ते बघून मला हायसं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. संध्याकाळपासून वाईटच वाटतंय, आणि का ते कळावं म्हणून लिहायला बसलेय.

तसं बघायला गेलं तर त्या स्क्रीनशॉटवरून काहीच ठरत नाही. शून्याची तारीख पानाच्या कोडमध्येच लिहिलेली आहे. ब्राउझर फोनच्या घड्याळातली वेळ त्यातून वजा करतो आणि उरलेलं दाखवतो. ज्याने हे पान केलं तो ऐन वेळी सर्व्हरवर दुसरं पान चढवू शकतो. सायलीने लगेच हेच लिहिलं आणि तिचं बरोबर आहे. माझी नजर मात्र त्या तारखेवर अडकली. तारखेसोबत वेळ दिलीय, पण टाइमझोनच दिलेला नाही. असं असलं की ब्राउझर ती ज्याची त्याची स्थानिक वेळ समजतो. म्हणजे पूर्वेकडच्यांचं शून्य आधी येणार, पश्चिमेकडच्यांचं नंतर. सगळ्यांचं मिळून असं एक शून्य नाहीच. जगात एका ठरलेल्या क्षणी काही घडायचं असेल तर मोजणी अशी कोण लिहील? हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळे इतके रंगात आले होते, मोडवेना.

आणि रंगात तरी किती! कुणी 2012 च्या सिकाडा 3301 या इंटरनेटवरच्या निनावी कोड्याची आठवण काढली. तेव्हाही एका चित्रापासून सुरुवात होऊन लोक कोडी सोडवत कुठल्या कुठे गेले होते, आणि ते कोणी केलं हे आजही उघड झालेलं नाही. कुणी म्हणालं, हे ड्रेकच्या समीकरणाचं भावंड आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने 1961 मध्ये परग्रहावरच्या संस्कृतींचा अंदाज बांधायला सात राशींचा गुणाकार मांडला. मांडणीवर फारसं कुणाचं भांडण नाही. पण त्यातल्या काही राशींची किंमत कुणालाच माहीत नाही, त्यामुळे ज्याला जे उत्तर हवं ते निघतं. आमच्या पानावरच्या सूत्राचंही तेच चाललंय.

सूत्र अगदी साधं आहे. एकातून पी वजा करायचा, आलेल्याचा एनवा घात करायचा आणि तो पुन्हा एकातून वजा करायचा. एखादी गोष्ट एका प्रयत्नात घडण्याची शक्यता पी असेल, तर एन प्रयत्नांत ती निदान एकदा तरी घडण्याची शक्यता किती, ते यातून निघतं. पी म्हणजे काय, हे पानावर कुठेच नाही. म्हणून तर एवढी चर्चा. कुणाचा पी उल्का आहे, कुणाचा युद्ध, कुणाचा लॉटरी.

माझा पी कोणता ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

हे पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या सूत्राने मला धीर दिला होता, हे खरं. एक टक्का शक्यता घेतली आणि शंभर प्रयत्न घातले. उत्तर शंभर टक्के येत नाही, साधारण 63 येतं. दोनशेला 87 च्या जवळ, तीनशेला 95. 99 टक्के गाठायला 459 प्रयत्न लागतात. वहीत ही उतरंड लिहिताना बरं वाटत होतं. वाटलं, नुसतं टिकून राहिलं तरी पुरे, बाकीचं एन बघून घेईल.

तसं नाहीये, आणि आज त्या वजा चिन्हाकडे बघताना ते नीट आत शिरलं. ते 63 टक्के सुरुवातीला उभं राहून पुढे बघणाऱ्यासाठी आहेत. शंभर प्रयत्न फुकट गेलेल्या माणसासाठी पुढचा प्रयत्न पुन्हा एकच टक्क्याचा असतो. पुढच्या शंभरांचे पुन्हा तेच 63. मागचं काही जमेस धरत नाहीत. इतकी वर्षं, इतके अर्ज, ते फोन, दादाशी झालेलं ते बोलणं, यातलं काहीही शिल्लक नाही. माझं घड्याळ शून्याच्या पुढे जाऊन चालत राहिलंय आणि कुणाला पत्ता नाही, असं वाटलं. रडू आलं.

त्यात गॉट आठवला. सायलीनेच मागे सांगितलं होतं. खगोलभौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड गॉट 1969 मध्ये बर्लिनची भिंत बघायला गेला होता. भिंत तेव्हा आठ वर्षांची होती. त्याने विचार केला, मी काही खास वेळी आलेलो नाही, भिंतीच्या आयुष्यातल्या कुठल्याही क्षणी आलो असेन. त्यावरून त्याने हिशेब मांडला की ती आणखी किमान दोन वर्षं आठ महिने आणि जास्तीत जास्त 24 वर्षं टिकेल, याची शक्यता निम्मी. भिंत 1989 मध्ये पडली, वीस वर्षांनी. 1993 मध्ये त्याने हा युक्तिवाद ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापला. आता हाच हिशेब माझ्या वाट बघण्याला लावला तर? जितकं थांबलेय त्याच्या एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत अजून थांबायचं. म्हणजे जितकं जास्त थांबावं तितकं पुढचं लांबतं. हे वाचून तर वहीच मिटली होती मी.

पण आत्ता दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्यावर वेगळंच दिसतंय. गॉटचा हिशेब ज्याला आतलं काहीच माहीत नाही अशा पाहुण्याचा आहे. मी माझ्या गोष्टीत पाहुणी नाही. मला आतलं पुष्कळ माहीत आहे. आणि पानावरचं सूत्र मागचं जमेस धरत नाही, तसं नावेही टाकत नाही. शंभरदा नाही झालं म्हणून एकशे एकाव्याचा पी कमी होत नाही. मघाशी एवढं का लागलं, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. थांबण्याची मजुरी मिळावी असं मला वाटत होतं. ती मिळत नसते. दंडही नसतो.

शिवाय हे सगळं प्रत्येक प्रयत्न सारखा आणि सुटा असेल तरच लागू पडतं. फासा मागचं दान विसरतो, माणूस कसा विसरेल? अर्जातलं दुसरं पान मी दरवेळी तेच ठेवत आलेय. ते बदललं तर निदान पी तरी हलेल. तो किती आहे ते ठाऊक नसलं तरी तो हलवता येतो. एन नुसता वाढतो.

पी शून्य असेल तर? मग कितीही घात करा, उत्तर शून्यच. हा विचार मनात येतो आणि मी तो पुढे नेत नाही. आजही नेणार नाही.

निखिलला लिहून टाकलं की टाइमझोनचं बघ. त्याचं उत्तर आलं, ‘अगं हो की, मग आपलं शून्य आधी की त्यांचं?’ आणि पुन्हा सगळे सुरू. मोजणी संपेल तेव्हा मी जागी असणार आहे, सायलीलाही तसं कळवलंय. त्याआधी ते दुसरं पान नव्याने लिहून काढायचंय.