आमची वाटचाल : निफाड ते बोन

नाशिकमध्ये आम्ही नवरा-बायको मिळून छोटी प्रवासकंपनी चालवतो. सुरुवातीला आम्हीही नऊ दिवसांत पाच देश दाखवायचो. फ्रान्सचा बर्गंडी हा वाईनचा प्रांत त्यात अर्ध्या दिवसात उरकायचो.

अशाच एका सहलीत निफाडचे बागायतदार अण्णा तिथल्या द्राक्षबागेच्या कडेला उकिडवे बसले. वेल जेमतेम कमरेएवढे, मांडव नाही. "छाटणी कधी करतात?" त्यांनी विचारलं. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या. तिथे थंडीत वेल झोपतो, तेव्हा एकच. मी सांगत होतो तोच बसचा हॉर्न वाजला. हातातली चुनखडीची माती झटकून अण्णा मुकाट्याने गाडीत चढले. तो चेहरा मला घरी आल्यावरही दिसत राहिला.

ती सहल आम्ही बंदच केली. आता बारा जणांचा गट, सहा रात्री, मुक्काम फक्त बर्गंडीतल्या बोन गावात. तेही सप्टेंबरमध्ये, कारण तेव्हा तिथे बहुधा तोडणी चालू असते आणि आपल्या बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीआधी थोडी सवड मिळते.

दिजों शहरापासून बोनच्या दक्षिणेपर्यंतच्या उतारावर १,२४७ 'क्लिमा' आहेत, म्हणजे स्वतःचं नाव असलेले द्राक्षमळे. २०१५मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. 'विहिरीचं वावर', 'बाभळीचं वावर' म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. तिथे वावराचं नाव बाटलीवर येतं, एवढंच. त्यातला जगप्रसिद्ध रोमाने-कोंती मळा तर दोन हेक्टरही नाही!

बोनमधलं रंगीत कौलांचं ओतेल-द्यू आम्ही सावकाश दाखवतो. १४४३मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन झालेलं हे जुनं रुग्णालय. लोकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले. त्या वाईनचा लिलाव १८५९पासून चालत आलाय, आजही नोव्हेंबरमध्ये होतो. लाल पडद्यांच्या खाटांच्या रांगेपाशी आमची मंडळी आपोआप हळू बोलू लागतात.

गटात अंडं चालणारे शाकाहारी बरेच असतात. त्यांच्यासाठी गरम गुजेर, म्हणजे चीज घातलेले हलके फुगे, आणि जात्यावर वाटलेली मोहरी. नाकात सणक जाते आणि सगळे खूश!

गेल्या सप्टेंबरमध्ये अण्णा काकूंना घेऊन पुन्हा आले. क्लो द व्हूजो या मळ्याच्या दगडी कुंपणापाशी, सिस्तेर्सियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी लावलेल्या त्या पन्नासेक हेक्टरांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वरचं पाणी खाली उतरतं. चांगला माल वरच्या अंगालाच असणार."

तिथल्या बागायतदाराला मी हे भाषांतर करून सांगितलं. त्याने अण्णांचा हात धरला आणि त्यांना वरच्या ओळींकडे घेऊन गेला. त्या दिवशी हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं.